एका माणसाची खिचडी

बहिरमच्या यात्रेत जा आणि एखाद्या राहुटीत सांगून पाहा, "बाप्पा, एका माणसापुरते रोडगे टाका बरं." समोरचा तुम्हाला आधी खालून वर न्याहाळेल, मग विचारेल, "बाकीचे लोकं मागून येऊन राह्यले काय?" रोडगा एकट्यासाठी होतच नाही. गोवऱ्यांचा जगरा एकदा फुलला की त्यात चार रोडगे पुरा नाहीतर चाळीस, विस्तव तेवढाच जळतो. मटणाच्या हंडीचं तेच, पातोडीच्या रश्शाचं तेच. वऱ्हाडी स्वयंपाकाचं सगळं माप पंगतीचं आहे. घरात एकटं माणूस उरलं की ते सरळ म्हणतं, "एकट्यासाठी काय चूल पेटवाची, चहासंग टोस्ट खाऊन घेतो."

आता याच मातीतल्या एका पोराची गोष्ट ऐका. माझा भाचा परतवाड्याचा, शिकायला बर्लिनमध्ये. रविवारी रात्री आठ वाजता त्याला खिचडी खावीशी वाटते. एक प्लेट. तो फोनवर अंगठा टेकवतो आणि 40 मिनिटांत चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या दारात गरम खिचडी येते. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आता तर सगळीकडेच येते. पण जरा थांबा. चांद्रयान कधी सुटणार हे कितीतरी आधी ठरलेलं असतं, त्यावर शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबलेली असतात. ही खिचडी 40 मिनिटांपूर्वी जगात कुणाच्याही डोक्यात नव्हती. कढई तापलेली नव्हती, सायकलवाला भलत्याच रस्त्यावर होता. तरी ती बरोबर त्याच दारात कशी पोचली?

आणि रविवारच का? त्याचं उत्तर थेट राज्यघटनेत सापडतं. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. 1919 च्या वायमार संविधानातल्या 139 व्या कलमाने रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नव्या घटनेने ते कलम जसंच्या तसं आत घेतलं. हॉटेलं मात्र उघडी असतात. म्हणजे शनिवारी तांदूळ-डाळ आणायला विसरलेला पोरगा रविवारी रात्री उपाशी राहतो किंवा ऑर्डर करतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कलमाचा असा उपयोग होईल हे वायमारच्या सभागृहात कुणाला सुचलं असेल?

परदेशात एकट्या माणसाचं पोट कसं भरायचं हा प्रश्न अर्थातच फोनपेक्षा फार जुना आहे. पाटण्याचे शेख दीन मोहम्मद यांनी 1810 मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं. त्यांच्या जाहिरातीत एक गोष्ट अशी होती की वाचताना मी उडालोच: आगाऊ सूचना दिलीत तर हिंदुस्थानी जेवण तयार करून तुमच्या घरी पाठवू! टेलिफोन नाही, सायकलचाही शोध लागायचा होता, आणि लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाची घरपोच सेवा सुरू झाली होती. धंदा टिकला नाही, 1812 मध्ये दीन मोहम्मद यांचं दिवाळं निघालं. त्यांची गिऱ्हाइकं मुख्यतः हिंदुस्थानात राहून परतलेले साहेब लोक. शिकायला आलेल्या कफल्लक विद्यार्थ्याला असलं काही पुढची शंभर-दीडशे वर्षं मिळणार नव्हतं.

तो विद्यार्थी काय खात होता? 1920 नंतर लंडनमध्ये शिकताना बाबासाहेब आंबेडकर एका घरमालकिणीकडे राहत. तिचा हात इतका आखडता की दिवसभर वाचनालयात बसून आलेल्या माणसाचं त्यात भागणं शक्यच नव्हतं. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की ते पत्र्याच्या पातळ तबकडीवर चार पापड भाजत आणि कपभर दुधाबरोबर खात. पापड एका ओळखीच्या माणसाने दिलेले. धनंजय कीरांनी चरित्रात हे नोंदवलं आहे. त्याच दशकात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख एडिनबर्ग आणि ऑक्सफर्डला शिकत होते. त्या काळात एकट्या माणसाचं ताट घरमालकिणीच्या मर्जीवर आणि तिच्या घड्याळावर चाले. ती वेळ चुकली की पापड.

मग आज काय बदललं? हॉटेल, सायकल, भूक या तिन्ही गोष्टी तेव्हाही होत्या. बदललं ते हिशेबाचं तंत्र. आणि हा हिशेब समजून घ्यायचा तर आधी हे पाहायला हवं की एका माणसाची ऑर्डर हा मुळात आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

समजा खिचडी 11 युरोची. पोचवण्याचं काम ॲपनेच केलं तर हॉटेलकडून साधारण 30 टक्क्यांपर्यंत कमिशन मिळतं, म्हणजे 3 युरो आणि वर थोडी चिल्लर. गिऱ्हाइकाकडून पोचवण्याचे दोन-तीन युरो. झाले सहा. आता खर्च बघा. 2025 मध्ये जर्मनीत किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं. रायडरने तासात दोनच ऑर्डरी पोचवल्या तर नुसती मजुरीच एका ऑर्डरमागे 6.41 युरो. खिचडी पोचली, कंपनी बुडाली. पण तासाला तीन झाल्या तर? 4.27. इथे कुठेतरी जीव वाचतो. दोन आणि तीन यांच्यामधल्या त्या फटीवर अख्खा धंदा उभा आहे. चार माणसांची 50 युरोची ऑर्डर असती तर रायडर तोच, रस्ता तोच, जिना तोच, आणि कमिशन साडेचारपट. म्हणून तर बहुतेक हॉटेलं किमान रकमेची अट घालतात, बऱ्याच ठिकाणी ती 10 ते 15 युरो असते. नुसती खिचडी त्या अटीत बसली नाही की भाचा नको असलेली मँगो लस्सी घेतो. जर्मनीतल्या हिंदुस्थानी हॉटेलांत मँगो लस्सीचे एवढे पाट वाहतात, त्यातले निम्मे एकट्या माणसांनी किमान रक्कम गाठायला वाहवलेले असावेत अशी माझी आपली शंका आहे.

एकट्याच्या ताटाचा हा तोटा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कुणी भरून काढला? सिलिकॉन व्हॅलीत शोधू नका, मावळात शोधा. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत शंभरेक माणसं घेऊन डबे पोचवण्याचं काम सुरू केलं. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली ती माणसं. पुढे कोविडच्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत होते. आणि डबा म्हणजे काय? एका माणसाचं जेवण! दोन लाख एकेकटी ताटं. सकाळी घरून उचललेला डबा सायकलवरून स्टेशनात, तिथून लोकलच्या मालडब्यात, वाटेत वर्गवारी, मग दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावरच्या पाटीत, आणि साडेबाराच्या सुमारास टेबलावर. दुपारी रिकामा डबा त्याच साखळीने उलटा घरी.

झाकणावर रंगवलेल्या खुणा एकदा नीट पाहा. मधोमध मोठा आकडा, तो कुठल्या भागात उतरायचं ते सांगतो. कडेला बारीक आकडे आणि अक्षरं: पोचवणारा कोण, इमारत कुठली, मजला कितवा. आणखी एक खूण, डबा निघाला कुठल्या स्टेशनातून त्याची. जेवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. जितकं लागतं तितकंच, एक अक्षर जास्त नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 मध्ये या कामावर केस स्टडी लिहिली, ती उगाच नाही.

डबेवाल्याला एकट्याचं ताट परवडतं, कारण त्याला उद्याचं सगळं आजच माहीत असतं. तोच डबा, तोच जिना, तीच ठरल्या वेळची लोकल. दोन लाख एकटी माणसं अशी घट्ट गुंफली जातात की प्रत्येकाच्या वाट्याला खर्चाचा अगदी बारीक तुकडा येतो. पण या स्वस्ताईची एक अट आहे: तुमची भूक ठरलेल्या वेळीच लागली पाहिजे. रविवारी रात्री आठला खिचडीची आठवण आली तर डबेवाला काही करू शकत नाही. त्याच्या जगात अचानकपणा नाही. ॲपच्या जगात अचानकपणाशिवाय दुसरं काही नाही.

मग आधीपासून काहीच ठाऊक नसताना तशीच गुंफण कशी करायची? खरी गंमत इथून सुरू होते.

ताई, म्हणजे भाच्याची आई, उन्हाळ्यातल्या अशाच एका रविवारी परतवाड्यात रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉलवर होती. मी शेजारी. तिकडे आठ वाजलेले. भाच्याने स्क्रीन दाखवली, नकाशावर एक ठिपका सरकतोय. हॉटेलातून निघाला, घराच्या रस्त्याला लागला आणि मधेच वळून भलतीकडे गेला.

"आता हा उलटा काऊन चालला बे?"

"आई, त्याच्याजवळ अजून कोणाची तरी ऑर्डर असंन."

"म्हंजे तुई खिचडी घेऊन तो गावभर हिंडून राह्यला?"

हिंडून राह्यला खरा. पण मी तुम्हाला सांगतो, तो ठिपका ज्या क्षणी वळला, त्या वळणामागे गणिताची दीडशे-पावणेदोनशे वर्षं उभी आहेत.

सोपं उदाहरण घेऊ, आणि आपल्याच गावात घेऊ. एक रायडर परतवाड्याच्या बसस्टँडवर, दुसरा अचलपूरच्या दुल्हा गेटपाशी. दोन ऑर्डरी आल्या. बसस्टँडवाल्याला पहिली 4 मिनिटांवर, दुसरी 5 मिनिटांवर. दुल्हा गेटवाल्याला पहिली 6 मिनिटांवर, दुसरी 15 मिनिटांवर. तुम्ही काय कराल? बसस्टँडवाला पहिलीच्या सगळ्यात जवळ आहे, पाठवा त्यालाच. मग दुल्हा गेटवाल्याच्या गळ्यात 15 मिनिटांची दुसरी पडते. एकूण 19. आता अदलाबदल करा: बसस्टँडवाल्याला दुसरी, दुल्हा गेटवाल्याला पहिली. 5 आणि 6, एकूण 11! जवळचा माणूस न पाठवल्यामुळे आठ मिनिटं वाचली. आपल्या नाकासमोरून एक रायडर निघून गेला आणि ऑर्डर लांबच्याने आणली, याचा राग कधी आला असेल तर तो इथेच सोडून द्या.

दोन माणसं आणि दोन ऑर्डरी असल्या तर हे बोटांवर जमतं. पण 10 रायडर आणि 10 ऑर्डरी असतील तर जोड्या लावण्याचे प्रकार होतात 36 लाख 28 हजार 800. आणि 20-20 असतील तर? 24 लिहा आणि त्यापुढे 17 शून्यं द्या, साधारण तेवढे. सेकंदाला 100 कोटी प्रकार तपासणारं यंत्र लावलं तरी सगळे तपासायला 77 वर्षं लागतील. भाचा निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असेल, आणि खिचडी कुणी न्यायची हे अजून ठरतच असेल. बर्लिनमध्ये रविवारी रात्री रायडर वीसच असतात असंही नाही.

तरी फोनवर उत्तर काही सेकंदांत येतं. कसं? 1955 मध्ये हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने एक रीत छापली. कोनिग आणि एगेरवारी या दोन हंगेरियन गणितींच्या कामावरून त्याला ती सुचली, म्हणून त्याने मोकळ्या मनाने तिचं नावच 'हंगेरियन पद्धत' ठेवलं. तिच्यातली मूळ युक्ती शाळकरी पोराला समजेल अशी आहे. प्रत्येक रायडरच्या मिनिटांची एक ओळ मांडा. ओळीतला सगळ्यात लहान आकडा त्या ओळीतल्या सगळ्या आकड्यांतून वजा करा. का? कारण तेवढा वेळ त्या माणसाचा कुठेही गेला तरी जाणारच आहे, त्यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. उरतो तो फक्त फरक. वरच्या उदाहरणात बसस्टँडवाल्याची ओळ होते 0 आणि 1, दुल्हा गेटवाल्याची 0 आणि 9. आता बघा, पहिल्या ऑर्डरवर दोघांचाही शून्य, म्हणजे दोघांनाही तीच हवी. सोडून द्यायला कुणाला स्वस्त पडतं? ज्याला 1 मोजावा लागतो त्याला. उत्तर समोर आलं! उभ्या रांगांतही तेच करायचं, मग शून्यं झाकत-उघडत पुढे जायचं. सगळे प्रकार तपासायचेच नाहीत. 77 वर्षांचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं.

आणखी एक धक्का बाकी आहे. कूनच्या कितीतरी आधी हा प्रश्न सुटलेला होता, हे एकविसाव्या शतकात लोकांच्या लक्षात आलं. सोडवणारा गणिती कार्ल याकोबी, 1851 मध्ये वारला तो बर्लिनमध्येच. त्याच्या समग्र लेखनाच्या ज्या खंडात ते लॅटिन टिपण आहे तो छापला गेला 1890 मध्ये. साल ओळखीचं वाटतंय ना? त्याच वर्षी मुंबईत महादू बच्चे डबे गोळा करत होते. एकाच साली दोन टोकांना एकट्याच्या ताटाची दोन उत्तरं, एक लॅटिनमध्ये पडून राहिलं आणि दुसरं लोकलमधून रोज ये-जा करू लागलं. याकोबीला अर्थात खिचडीशी घेणं-देणं नव्हतं, तो वेगळीच समीकरणं सोडवत होता.

ठिपका वळला त्याचं दुसरं कारण धारणीच्या काळी-पिवळीत बसलेल्याला आपोआप कळेल. सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. उन्हात ताटकळताना आपण त्याला शिव्या देतो, पण भाडं परवडतं ते त्या ताटकळण्यामुळेच. ॲपही तसंच करतं. ऑर्डर आली की लगेच कुणाला पिटाळत नाही, थोडा वेळ हातात धरून ठेवतं. तेवढ्यात त्याच हॉटेलातून किंवा शेजारच्या हॉटेलातून, त्याच दिशेची दुसरी ऑर्डर आली तर दोन्ही एका बॅगेत. भाच्याची 11 युरोची खिचडी एकटी असती तर तोट्याची होती. दोन गल्ल्या पलीकडच्या कुणा अनोळखी माणसाला त्याच वेळी नूडल्स खाव्याशा वाटल्या म्हणून ती परवडली. त्या माणसाला भाचा ठाऊक नाही, भाच्याला तो ठाऊक नाही, आणि एका अर्थाने ते दोघं त्या रात्री एकाच पंगतीला बसले होते.

पण बॅग भरायची वेळ चुकली तर सगळं फसतं. रायडर लवकर पोचला तर हॉटेलच्या दारात उभा, म्हणजे पगार चालू आणि काम बंद. उशिरा पोचला तर खिचडी काउंटरवर निवतेय. म्हणून यंत्रणा प्रत्येक हॉटेलच्या आधीच्या ऑर्डरींवरून शिकते: रविवारी आठ वाजता, समोर सहा ऑर्डरी असताना, या स्वयंपाकघराला खिचडीला किती मिनिटं लागतात? हॉटेलवाला म्हणतो 15. यंत्राला माहीत असतं की हा म्हणतो 15 आणि लागतात 22. माणसाच्या सांगण्यातली थाप मोजून ठेवणारं गणित! परतवाड्यात शिंप्याच्या दुकानासाठी एखादं बसवायला हवं.

रस्ता कुठला घ्यायचा ते ठरवणारी रीत तर कॉफी पिताना सुचलेली आहे. 1956 मध्ये 26 वर्षांचा प्रोग्रॅमर एड्सखर डाइक्स्ट्रा होणाऱ्या बायकोबरोबर ॲम्स्टरडॅमच्या बाजारात हिंडत होता. दोघं दमली, एका कॅफेत बसली. तिथे 20 मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्याने सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत मनात मांडली. निघालात तिथून आधी सगळ्यात जवळचा चौक पक्का करा, मग त्याच्यानंतरचा जवळचा, मग त्याच्यानंतरचा. एकदा पक्का केलेला चौक पुन्हा तपासायचा नाही. तो नंतर म्हणायचा की कागद नव्हता म्हणूनच ती इतकी सोपी झाली. आज जगभरच्या नकाशांत तिच्याच लेकी-नाती धावतात.

आणि तो ठिपका? तो तिथेच आहे हे फोनला कळतं कसं? सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतात: माझ्या घड्याळात आता इतके वाजलेत. निदान चार उपग्रहांचे संकेत यायला किती वेळ लागला यावरून फोन आपली जागा काढतो. पण वरची घड्याळं आणि खालची घड्याळं एका चालीने चालत नाहीत! वेगामुळे वरचं घड्याळ थोडं मागे पडतं, आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून त्याहून जास्त पुढे पळतं. दोन्ही मिळून दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे. एवढंसं? तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटर जातो. दुरुस्ती केली नाही तर चूक दिवसाला तेवढी साचत जाईल, आणि आज परतवाड्यात असलेला ठिपका पाच दिवसांत अमरावतीच्याही पुढे जाऊन उभा राहील. ही दुरुस्ती ज्या सिद्धांतातून आली तो आइनस्टाइनने नोव्हेंबर 1915 मध्ये पुरा केला. कुठे? बर्लिनमध्ये. ज्या शहरात अवकाश-काळाची समीकरणं पुरी झाली त्याच शहरात ती आता खिचडीचा पत्ता शोधतात.

इतकं सगळं होऊन शेवटची दहा पावलं मात्र यंत्राच्या हातात नाहीत. जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबरच नसतो. इमारतीच्या दारावर घंट्यांची पाटी, आणि प्रत्येक घंटीपुढे आडनाव. बस्स. डबेवाल्याच्या झाकणावर सगळं असतं, नाव नसतं. इथे नावाशिवाय काहीच नसतं. म्युलर, श्मिट, यिल्माझ, आणि त्यांच्यात एक वऱ्हाडी आडनाव, अर्ध्या इंचाच्या पट्टीत कसंबसं कोंबलेलं. रायडर अंधारात मोबाइलचा उजेड पाडून ते शोधतो. उपग्रहाने आणलं दारापर्यंत, पुढे डोळेच लागतात.

ते डोळेही बहुधा आपलेच. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत 49 हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त. त्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायची मुभा असते, आणि सायकलवरून जेवण पोचवणं हे त्यातलं सहज मिळणारं काम. पाऊस, बर्फ, रात्र, सगळं त्यांच्या अंगावर. तासाला दोनाच्या तीन फेऱ्या करणारी हुशारी यंत्राची असते, पण दम रायडरचा जातो. एवढं तरी आपण बिल बघताना ध्यानात ठेवावं. एकदा एका रायडरने घंटीवरचं आडनाव वाचून सरळ मराठीत विचारलं, "कुठले?" "परतवाडा." "मी बुलढाण्याचा." जिन्यात उभ्या उभ्या दोघांनी पाच मिनिटं गप्पा मारल्या. ॲपने ती पाच मिनिटं 'उशीर' या खात्यात घातली असणार.

आता बॅगेच्या आत डोकावू, कारण सगळ्यात जुनं विज्ञान तिथे आहे. भाचा खिचडीच का मागवतो? त्याचा जीव खरं तर झुणका-भाकरीवर. पण खिचडीत पाणी भरपूर, आणि पाणी उष्णता धरून ठेवण्यात पटाईत. शिवाय गोळा जाड, हवेला उघडी बाजू थोडी. अर्ध्या तासानेही मधोमध बोट पोळतं. भाकरीचं सगळं उलटं. पातळ, पसरट, दोन्ही अंगांनी उघडी. डब्यात बंद केली की तिचीच वाफ तिच्यावर बसून आधी ती ओलसर होते, मग निवता निवता चिवट. तव्यावर फुगलेले पिष्टाचे कण थंड होताना पुन्हा एकमेकांना चिकटून आवळून बसतात, आणि ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे आवळल्यावर ती वाकत नाही, मोडते. त्यातही नवल असं की हे आवळणं फ्रीजच्या थंडाव्यात सगळ्यात जोरात होतं. उरलेली भाकर टिकावी म्हणून आपण तिला ज्या जागी ठेवतो, तिथेच ती लवकर म्हातारी होते. पुन्हा तापवली तर ती बरीचशी मऊ होते, पण तेवढ्यापुरतीच. म्हणजे शहरातल्या ॲपवरचा मेन्यू हा आवडीने ठरलेला नसतो. अर्ध्या तासाच्या वाफेत काय तगतं, त्यावर तो ठरतो. बिर्याणी तगते, दाल मखनी तगते, म्हणून त्या जगभर पोचल्या. आपली भाकर तव्यापासून ताटापर्यंतच चालते.

भाच्याने यावर तोडगा काढला आहे. आशियाई दुकानातून ज्वारीचं पीठ आणून ठेवलं, ॲपवरून फक्त डाळ मागवतो, आणि रायडर हॉटेलातून निघाल्याचा ठिपका दिसला की तवा चढवतो. पिष्टाचे कण, वाफ, ग्लुटेन हे सगळं मी ताईला समजावून सांगायला बसलो, तर तिने मधेच थांबवलं. "ते कण-बिण राहू दे रे. त्याची भाकर फुगते काय, तेवढं विचार."